डिकीतला परीक्षक

"जोडी जमवायची म्हणजे काय हो! चपला घेण्याइतकं सोपं काम! एक डावी बघायची, एक उजवी बघायची, घालून चार पावलं चालायचं. चावली नाही, की जमलं!"

हे वाक्य मामांनी चॅनलच्या प्रमुखबाईंसमोर खुर्चीत रेलून, एका पायावर दुसरा पाय टाकून फेकलं. प्रमुखबाई कौतुकाने हसतील, अशी त्यांची अपेक्षा होती. पण बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा काढला की समोरच्याने पाय खाली घ्यायचा असतो, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. मामांनी पाय खाली घेतला.

"मामा, चपलांचं हे तुम्ही मागच्या खेपेलाही सांगितलंत. त्याच्या आधीच्या खेपेलाही सांगितलंत. दुकान रिकामं झालं! या शुक्रवारी जोडी ठरली नाही, तर तुमची वेळ मी गादीवाल्यांना देणार."

"गादीवाल्यांना?"

"ते गाद्यांवर उड्या मारून दाखवतात. लोक बघतात. तुमच्याकडे दाखवायला कोण आहे सध्या? कोणी नाही!"

आता हे मामा कोण, ते सांगायला हवं. खरं म्हणजे ते कोणाचेच मामा नव्हते. सख्खी, चुलत, मावस, कसलीच बहीण नव्हती. त्यामुळे जगाचा मामा आणि भाचा एक नाही, अशी परिस्थिती! 'चाकोरीबाहेर' या मोटारींच्या कार्यक्रमाचे ते पहिल्या दिवसापासूनचे निर्माते. कार्यक्रम इतका जुना, की शाळेचा अभ्यास बुडवून तो बघणारी मुलं आता आपल्या मुलांना "अभ्यास करा, टीव्ही बंद!" म्हणून ओरडत होती.

त्या कार्यक्रमात दोघे निवेदक होते. एक उंच, एक बुटका. नातं काही नव्हतं, पण सगळे त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. थोरले गाडी चालवायचे, धाकटे शेजारी बसून नावं ठेवायचे. गाडीला, रस्त्याला आणि मुख्यतः थोरल्यांना! आणि मामा? मामा मागच्या सीटवर, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून मान खाली घालून, गुडघे हनुवटीला लावून बसलेले असायचे. इतकी वर्षं कार्यक्रम चालला, पण मामांचं टक्कलसुद्धा कधी पडद्यावर दिसलं नाही. मात्र पुढच्या दोघांचा एखादा विनोद जमला, की मागून एक बारीक 'खुक्' ऐकू यायचं. प्रेक्षकांना वाटायचं, सीटचं स्प्रिंग आहे.

मग थोरल्यांनी निवृत्ती घेतली आणि ते समुद्रकाठच्या एका गावी लेकीकडे राहायला गेले. धाकट्यांनी गुडघा बदलून घेतला आणि डॉक्टरांनी त्यांना बसक्या गाड्यांची बंदी केली. शेवटच्या चित्रीकरणाला केक कापला, फोटो काढले, सगळ्यांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी मामा नेहमीच्या वेळी आले आणि नेहमीच्या गाडीत मागे बसले. पुढे कोणीच नव्हतं. थोडा वेळ बसले आणि उतरले.

घरी तरी काय होतं! बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात बोलणारं माणूस एक, ऐकणारं माणूसही तेच. मामा रोज गाडीने ऑफिसला यायचे तेव्हा जेवणाच्या डब्याची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवायचे. पिशवी चांगली जड असायची, त्यामुळे गाडीला वाटायचं माणूसच बसलंय, आणि पट्टा लावा म्हणून ती टुंग टुंग सुरू करायची. कोणीही शहाण्या माणसाने पिशवी उचलून खाली ठेवली असती. मामा पिशवीला पट्टा लावायचे! वर "घट्ट झाला नाही ना?" असं विचारायचे, असं सिग्नलला शेजारी थांबलेल्या एका स्कूटरवाल्याचं म्हणणं होतं.

तर अशा माणसाकडे नवी जोडी निवडायचं काम आलं आणि काय सांगू, त्यांचं नशीबच पालटलं! रोज नवी माणसं! स्टुडिओच्या मागच्या मैदानाभोवती गोल रस्ता होता, त्यावरून उमेदवारांनी दोघादोघांनी गाडी चालवत गप्पा मारायच्या आणि मामांनी मागे बसून ऐकायचं.

कोण कोण आलं म्हणून सांगू! एक नटी आली, ती प्रत्येक वळणावर आरशात बघायची. पण तो मागचं वाहन बघायचा आरसा नव्हे, स्वतःची टिकली बघायचा. एक प्राध्यापक आले, त्यांनी क्लच म्हणजे काय हे इतक्या खोलात जाऊन समजावलं की तो दाबायचं राहून गेलं आणि गाडी हौदाच्या कठड्यावर चढली. एक पैलवान आला. तो गाडीत बसला, पण मग गाडीत दुसरं कोणी बसू शकेना.

पण खरं सांगायचं तर चांगलीही माणसं आली होती. अगदी झकास! मामा मागे बसून खुदखुदायचे, "अजून एक फेरी होऊ द्या," म्हणायचे, मग "अजून एक". आणि संध्याकाळी प्रमुखबाईंना कळवायचे, "नाही जमत. तिचा डावा हात फार गप्प आहे." नाहीतर, "तो हसतो चांगला, पण उतारावर नाही हसत."

आता उरली होती शेवटची दोघं.

एक होती रेसवाली. डोंगरातल्या शर्यतीत गाडी पळवणारी बाई; भिंतीवर गाडी चालव म्हटलं तर फक्त "कुठली भिंत?" एवढंच विचारणारी. पण बोलणं? शब्द म्हणजे जणू दाढेतून उपटून काढायचे! दुसरा होता ट्रॅफिकवाला. हा रेडिओवर रोज सकाळी शहरात कुठे वाहतूक तुंबली आहे ते सांगायचा. आवाज लोण्यासारखा आणि तोंड बंद करायचं बटणच नाही! सगळ्या शहराला हा रस्ते दाखवायचा. पण स्वतः बिनखिडकीच्या खोलीत बसून. गाडीचं लायसन्स त्याला नुकतंच मिळालं होतं आणि तो ते खिशात नाही, हातात धरून फिरायचा.

पहिल्या फेरीत दोघं मामांसमोर इतकी गोड वागली, की मामांना पाक चाटल्यासारखं झालं. "तुम्ही बोला ना." "नाही, आधी तुम्ही." असल्या जोडीला घेऊन कार्यक्रम काय, रांगसुद्धा लावता आली नसती!

मामांच्या लक्षात आलं, की माणसं परीक्षक मागे बसला की खोटं वागतात. आपण नसताना ती कशी बोलतात, ते ऐकायला हवं. म्हणजे आपण नसावं, पण असावं! आणि त्यांच्या डोक्यात ती सुप्रसिद्ध कल्पना आली.

गुरुवारी दुपारी त्यांनी दोघांना निरोप दिला, की मामांना काम आहे, तुम्ही दोघंच चार फेऱ्या मारा, गाडीतला कॅमेरा चालू आहे. पण नंतर पडद्यावर बघण्यात मामांना गोडी नव्हती; त्यांना गाडीत असूनच ऐकायचं होतं. मग आजूबाजूला बघून त्यांनी गाडीची डिकी उघडली, स्टेपनीशेजारी अंग चोरून आडवे झाले, आणि झाकण अलगद ओढून फटीत रुमाल अडकवला, म्हणजे हवाही येईल आणि बंदही होणार नाही. मागच्या सीटच्या मधोमध हात ठेवायची जागा होती, तिच्यामागे एक भोक होतं. त्यातून पुढचं सगळं ऐकू येत होतं. मामा स्वतःवर खूश झाले. कोणाला कळवलं नव्हतं. कळवायला होतं कोण?

रेसवाली आली. गाडीत बसण्याआधी तिने सवयीने गाडीभोवती चक्कर मारली. डिकी नीट लागलेली नाही, हे तिला दिसलं. उघडी डिकी म्हणजे तिच्या लेखी उघडी जखम!

धाड्!

रुमालाचे दोन तुकडे झाले. एक आत, एक बाहेर. आणि कुलपात काहीतरी 'कट्' असं मोडलं.

"लागली," रेसवाली म्हणाली.

डिकीत मामांनी अंधारात कुलूप चाचपून पाहिलं. पण चार फेऱ्यांचा तर प्रश्न!

पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीला ट्रॅफिकवाला म्हणाला, "हे म्हणजे घाण्याच्या बैलासारखं झालं! मॅडम, तुम्हाला एक रस्ता दाखवू? दूध डेअरीच्या मागून निघतो आणि थेट नदीच्या पुलाजवळ! मी रोज रेडिओवर सांगतो लोकांना. अर्धा वेळ वाचतो!"

"दाखवा," रेसवाली म्हणाली. आणि तिने फाटकातून गाडी अशी बाहेर काढली, की मामा स्टेपनीवरून घसरून जॅकवर गेले.

ते ओरडणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ट्रॅफिकवाला म्हणाला, "मामांना ऑफिसात काय म्हणतात, ठाऊक आहे का? हँडब्रेक!"

मामांनी तोंड मिटलं.

"का?"

"सगळं ओढून धरतात म्हणून! कितीतरी चांगल्या जोड्या नापास केल्या त्यांनी. मला तर वाटतं, त्या माणसाला कोणाला निवडायचंच नाहीये. निवडलं की संपलं. मग रोज बोलायला कोण येणार?"

गिअर बदलल्याचा आवाज आला. मग रेसवाली म्हणाली, "एकटे असतील."

तीन शब्दसुद्धा नाहीत. पण डिकीच्या अंधारात ते दोन शब्द मामांच्या शेजारी येऊन बसले आणि हलेनात. आता ओरडायचं कसं? "अहो, तो एकटा माणूस इथे आत आहे!" असं?

त्यांनी फोन काढला. फोनच्या उजेडात त्यांना पहिल्यांदा आपली जागा दिसली: एक स्टेपनी, एक जॅक, एक फडकं आणि आपण. त्यांनी गाडीखात्याच्या प्रमुखाला लावला. चॅनलच्या सगळ्या गाड्या या गृहस्थांच्या ताब्यात, आणि त्यांचा जीव गाड्यांत!

"हॅलो, मी मामा—"

"मामा, आत्ता नको! इथे आकाश कोसळलंय! आपली चंदेरी गाडी चोरीला गेली! फाटकातून सुसाट गेली म्हणे!"

"अहो, मी त्याच—"

"मी पोलिसांना कळवतोय. तुमचं काय ते उद्या बोलू!" फोन बंद.

मामांनी फोनकडे पाहिलं. मग थोरल्यांना लावला. थोरल्यांचा आवाज अगदी हळू आला.

"मामा? बोल रे. हळू बोल, नातीला आत्ता झोपवलंय."

"मी डिकीत अडकलोय."

पलीकडून दाबलेलं हसू आलं. "तू काही सुधारणार नाहीस! मागे आम्हाला गाडीच्या टपावर अडकलोय म्हणून पळवलं होतंस, आठवतं ना? बरं झालं फोन केलास. हसलो बाबा पुष्कळ दिवसांनी."

"खरंच रे. डिकीत आहे."

"बरं बरं. काळजी घे. जागी झाली ही... ठेवतो, हं."

मामा "ठेव" म्हणाले. काय बोलणार! थोरले हसले होते, ते ऐकून बरं वाटलं होतं. आणि ते ठेवून गेले, त्याने जरा जास्तच शांत झालं होतं. धाकट्यांना लावावा, तर ते या वेळी गुडघ्याचे व्यायाम करत असत आणि फोन उचलायला उठेपर्यंत संध्याकाळ होत असे. मामांनी फोनमधली नावं वर सरकवली. पंक्चरवाला, क्रेनवाला, विमावाला, टायरवाला, दुसरा टायरवाला. नावं काय, ढीगभर होती! गाडी अडकली तर शंभर माणसं धावून आली असती. मामा अडकले तर कोणाला सांगायचं, तेवढंच त्यात नव्हतं. पोलिसांना सांगावं? काय सांगायचं? मोटारींच्या कार्यक्रमाचा निर्माता मोटारीत कुठे बसावं ते विसरला?

शेवटी त्यांनी लाज सोडली आणि डिकीच्या झाकणावर मूठ मारली. धप्, धप्, धप्!

"मागून आवाज येतोय," ट्रॅफिकवाला म्हणाला.

"सस्पेन्शन," रेसवाली म्हणाली.

मामा ओरडले, "अहो, मी आहे!"

"सस्पेन्शन फारच कुरकुरतंय हो!"

"जुनी गाडी." आणि तिने गाडीतला रेडिओ लावला.

मामांनी कपाळाला हात लावला. म्हणजे लावायला गेले, आणि कोपर जॅकवर आपटलं.

एवढ्यात गाडी थांबली. रेडिओही बंद झाला. रेसवाली म्हणाली, "भिंत."

"हो," ट्रॅफिकवाला म्हणाला.

"डेअरीच्या मागे भिंत आहे."

"दिसतेय मला."

"तुम्ही रोज सांगता."

"रोज. वर्षानुवर्षं." ट्रॅफिकवाल्याचा लोण्यासारखा आवाज विरजल्यासारखा झाला होता. "रोज सकाळी किती माणसं इथपर्यंत येऊन परत गेली असतील! एकानेही फोन करून सांगितलं नाही. एकानेही शिवी दिली नाही! मला वाटायचं, सगळे ऐकतात. कोणी ऐकतच नसेल हो! मी आपला एका खोलीत बसून भिंतीशी बोलायचो. ही बघा, तीच भिंत!"

आता ही बाई काय म्हणणार, म्हणून मामांनी भोकाला कान लावला. आणि रेसवालीने आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

"मी ऐकायचे. तुमचं ऐकून एकदा आलेही होते इथे. जोरात आले होते. त्या कोपऱ्यातल्या विटा बघा, नव्या आहेत ना? तो माझा बंपर."

"काय सांगता!"

"शर्यत त्याच दिवशी होती. हुकली."

"मग... मग तुम्ही फोन का नाही केलात?"

"बोलत नाही मी फारशी."

 ट्रॅफिकवाला फिस्सकन हसला. रेसवालीही हसली, तिचं हसणं थंडीत सुरू होणाऱ्या गाडीसारखं होतं, दोनदा घरघरलं आणि तिसऱ्यांदा पेटलं. आणि ती दोघं अशी हसत सुटली, की गाडी हलायला लागली. मामा सगळं विसरले. कुठे आहोत, किती वेळ आहोत, पाय कुठे आणि डोकं कुठे! इतक्या महिन्यांनी त्यांना पुढच्या सीटवर तो आवाज ऐकू येत होता, जो लिहून देता येत नाही आणि शिकवताही येत नाही. आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं: "खुक्!"

पुढचं हसणं कापल्यासारखं थांबलं.

"सस्पेन्शन हसत नाही," रेसवाली म्हणाली.

दोघं उतरून मागे धावली. "कोण आहे आत?" "मी! मामा!" "मामा? तुम्ही आत कसे?" "बसलो!" "का?" "आधी उघडा!"

रेसवालीने चावी फिरवली. चावी गोल फिरत राहिली. कुलूप मोडलं होतं. ट्रॅफिकवाल्याने झाकण ओढलं. तिने जॅक कुठे आहे म्हणून विचारलं. "माझ्या पाठीखाली!" मामा आतून ओरडले. दोघांनी मिळून झाकणाला लाथा घालायला सुरुवात केली, आतून मामा "वर! वर नको, खाली!" असं ओरडत होते, आणि नेमक्या त्याच वेळी डेअरीच्या कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी आली.

आता पोलिसांच्या डोळ्यांनी बघा! चोरीला गेलेली चंदेरी गाडी. आडबाजूची भिंत. दोन माणसं डिकीवर लाथा घालतायत. आणि डिकीतून म्हाताऱ्या माणसाच्या किंकाळ्या!

"हात वर!" इन्स्पेक्टर ओरडले.

ट्रॅफिकवाल्याने हात वर केले. हातात लायसन्स होतंच. "साहेब, गैरसमज होतोय! आम्ही निवेदक आहोत!"

"कशाचे?"

"ते अजून ठरायचंय!"

इन्स्पेक्टर डिकीपाशी वाकले. "घाबरू नका, काका! आम्ही आलोय!"

"मी स्वतःहून आत बसलोय!" मामा ओरडले.

इन्स्पेक्टरांनी मागे वळून दोघांकडे जळजळीत नजर टाकली. "असं बोलायला लावलंय होय तुम्ही त्यांना? काका, मोकळेपणाने बोला! कोणी धमकी दिलीय?"

"नाही हो! मला त्यांचं ऐकायचं होतं!"

"ऐकलं नाही तर काय करू म्हणाले ते?"

शेवटी एका हवालदाराने पहार घालून झाकण उघडलं. मामा घडीच्या खुर्चीसारखे बाहेर आले. एकेक सांधा उघडावा लागला. उजेडात डोळे मिचकावत उभे राहिले, तर समोर सगळे त्यांच्याकडे बघत होते. एवढ्या माणसांनी आपल्याकडे एकदम बघायची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्यांनी उगाचच केस सारखे केले. केस नव्हते, तरी!

चौकीवर गाडीखात्याचे प्रमुख धावत आले. आल्याआल्या त्यांनी गाडीला मिठी मारली. डाव्या दारावरून हात फिरवला, चारी टायर दाबून पाहिले, डिकीचं मोडकं कुलूप बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाकावर बसलेले मामा त्यांना दिसले.

"अरे मामा! तुम्ही इथे काय करताय?"

"मी गाडीतच होतो."

"गाडीत? मग मला फोन नाही का करायचा!"

मामांनी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. "साहेब, तक्रारीत माझं काही... म्हणजे, एक माणूसही सापडत नाही, असं काही होतं का?"

इन्स्पेक्टर जरा घुटमळले. "गाडीचं होतं, काका. रंग, नंबर, सीटच्या कव्हरचा रंगसुद्धा होता."

"असू दे," मामा म्हणाले. "कव्हरं नवीन आहेत."

इन्स्पेक्टर माणूस भला होता. त्याने मामांना पाणी दिलं. "तुम्ही 'चाकोरीबाहेर'चे ना? लहानपणापासून बघतोय मी! पण तुम्हाला कधी पाहिलं नाही हो."

"मी मागे बसतो."

"मागे म्हणजे?"

"आज जरा जास्तच मागे बसलो."

"बरं, काका, तुमचा जबाब तर झाला. पण तुमच्या वयाच्या माणसाला या अवस्थेत मी एकट्याने नाही सोडणार. घरच्या कोणाला तरी बोलवा. तुमचं कोणी आहे का?"

साधा प्रश्न. पण मामांनी पाण्याचा पेला हातात फिरवायला सुरुवात केली. डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. गाडीखात्याचे प्रमुख तोवर बाहेर गाडी पुसायला गेले होते.

"आम्ही आहोत ना!" समोरच्या बाकावरून दोन आवाज एकदम आले. एक लोण्यासारखा, एक मोजकाच.

"तुम्ही गप्प बसा!" इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटून ओरडले. "तुम्ही आरोपी आहात!"

"पण त्यांचं दुसरं कोणी नाहीये, साहेब," ट्रॅफिकवाला म्हणाला. "म्हणून तर ते डिकीत बसले!"

"मी जबाबदारी घेते," रेसवाली म्हणाली.

"कोणाची? ज्यांचं अपहरण केलंत त्यांची?"

"आणि मी यांची घेतो," मामा उठून उभे राहिले. "या दोघांनी काही केलेलं नाही. माझी माणसं आहेत."

 इन्स्पेक्टरांनी एकदा आरोपींकडे पाहिलं, एकदा पळवलेल्या माणसाकडे पाहिलं. पळवलेला आरोपींना जामीन, आरोपी पळवलेल्याला जामीन! असली भानगड कुठल्याच कायद्यात बसत नव्हती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "सगळे निघा! पण आधी हे सांगा, कार्यक्रम परत कधी सुरू होणार?"

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. प्रमुखबाई!

"मामा, काय ऐकतेय मी! पोलीस काय, डिकी काय! आणि गाडीतल्या कॅमेऱ्यातून इथे आलेलं सगळं आम्ही आत्ताच बसून बघितलं. त्या भिंतीपाशी तर माझा चष्मा पडला हसून! आता तरी सांगा. जोडी ठरली, की बोलवू गादीवाल्यांना?"

मामांनी दोघांकडे पाहिलं. ट्रॅफिकवाला हवालदाराला कुठल्या रस्त्याने घरी जावं ते समजावत होता आणि रेसवाली हवालदाराला मान हलवून 'नको' म्हणत होती.

'ठरली' म्हटलं, की संपलं. उद्यापासून नवी माणसं यायची नाहीत, अजून एक फेरी नाही, मैदान रिकामं.

"ठरली, बाई," मामा म्हणाले. "चावते थोडी. पण ठरली."

गाडीखात्याच्या प्रमुखांना पोलिसांनी आपल्या गाडीतून सोडलं, आणि चंदेरी गाडी शेवटी या तिघांच्याच ताब्यात आली. मोडकी डिकी फडक्याने बांधली. रेसवाली चालवायला बसली, ट्रॅफिकवाला शेजारी, मामा मागे. सवयीने त्यांनी मान खाली घातली, मग लक्षात आलं की कॅमेरा बंद आहे. मान वर केली. संध्याकाळ झाली होती आणि पुढच्या काचेतून रस्ता चांगला दिसत होता. इतकी वर्षं गाडीत काढली, पण समोरचा रस्ता त्यांनी फारसा पाहिलाच नव्हता.

"मामा, घर कुठे?" रेसवालीने विचारलं.

"औषधाच्या दुकानावरून डावीकडे. मी सांगतो."

पुढे वाद सुरू झाला. डावीकडे म्हणजे तिच्या डावीकडे की त्याच्या डावीकडे, इथून सुरुवात! "अहो, दोघांचं डावं एकच असतं!" "मॅडम, माझा अनुभव वेगळा आहे!" औषधाचं दुकान आलं. मामांनी पाहिलं. वर आपल्या घराच्या खिडकीतला अंधारही पाहिला. दुकान गेलं.

"मामा, आलं का दुकान?"

"असेल पुढे," मामा म्हणाले.

गाडी शहराला वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागली. पेट्रोलचा काटा केव्हाचा तळाला जाऊन आडवा झाला होता. मागून तो अगदी स्वच्छ दिसत होता. हे सांगायला हवं, असं मामांना दोनदा वाटलं. पण पुढे ट्रॅफिकवाला रेसवालीला भिंतीचे फायदे समजावून सांगत होता, मध्येच कोण तोडणार!

गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

"पेट्रोल!" रेसवाली म्हणाली. "कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

मामा खिडकीबाहेर बघू लागले.

ती स्टिअरिंग सोडणार नव्हती. ट्रॅफिकवाला उतरला खरा, पण तो पुढे जाऊन हातवारे करत कोणत्या दिशेने ढकलायचं ते सांगत राहिला. राहिलं कोण? मामांनी बाह्या सरसावल्या आणि बांधलेल्या डिकीला दोन्ही हात लावले.

"जोर लावा, मामा!" ती आतून ओरडली.

"जोरात, मामा!" तो पुढून ओरडला.

"लावतोय, लावतोय!" मामा मागून म्हणाले.

पेट्रोल पंप समोरच दिसत होता. रस्ता सपाट, गाडी हलकी, जरा दम लावला असता तर गेलीच असती पंपावर झटक्यात. पण किती जोर लावायचा, हे शेवटी ढकलणाऱ्याच्या हातात असतं. आणि मामांना काही घाई नव्हती.